उपाशी पोटी

सव्वासहाला कळव्याच्या पुलावर
खाडीचा वास हेल्मेटच्या आत शिरतो.
डिकीत बर्फाची पिशवी, पिशवीत नळ्या,
जांभळ्या टोपणाच्या, पिवळ्या, राखाडी.
पहिलं घर चरईत,
आणि दर तीन महिन्यांनी, मंगळवारी,
पाचपाखाडीत, लिफ्ट नाही, तिसरा मजला:
टिपणीस श्रीरंग, पुरुष, अठ्ठ्याहत्तर.

उपाशी आहात ना?
हाच माझा नमस्कार.
म्हातारी माणसं शाळेतल्यासारखी मान हलवतात
आणि निम्मी खोटं बोलतात.
काकांच्या मिशीला चहाचा वास यायचा.
"कोरा घेतला. कोऱ्याला कोण चहा म्हणतं?"

शीर शोधायला डोळे नाही, बोट लागतं.
काकांची शीर धरली की सरकायची.
मूठ वळा म्हटलं की
वागळे इस्टेटच्या रंगाच्या कारखान्यात
बत्तीस वर्षं वळलेली मूठ ते वळायचे.

फॉर्मवर रकाने असतात.
तंबाखू? सोडली.
कधी? "काल," आणि हसायचे.
साखर आहे, रक्तदाब आहे.
घरात कुणाला?
वडील, बावन्नाव्या वर्षी, जेवता जेवता.
थोरला भाऊ, बँकेच्या रांगेत.
व्यायाम? कचराळी तलावाला दोन फेऱ्या,
"एक चालत, एक बाकावर बसून."

मिठाला रकाना नाही.
मिठाचा रकाना शालनकाकू होत्या.
चमचा दोऱ्याने बरणीला बांधलेला,
सोड्यांचा डबा माळ्यावर, मुद्दाम मागे.
फ्रिजवर वही: तारीख, वरचा, खालचा,
अर्धी पांढरी, एक गुलाबी,
रात्री ती रक्त पातळ करणारी.
अकरा वर्षांच्या वह्या, एक दिवस कोरा नाही.
त्यात काकूंचं नाव कुठेच नाही.

या मंगळवारीही यादीत नाव होतं.
तीन मजले चढले.
दार उघडंच, काकू खुर्चीत, बाही वर केलेली.
भिंतीवर काका.
"पंचवीस दिवस झाले. रात्री दीडला.
पाणी मागितलं, मी आणलं, तेवढ्यात.
त्या दिवशी वरचा एकशे अठ्ठावीस होता.
लिहिलाय मी."

माफ करा, म्हटलं, लॅबला कुणी कळवलं नाही.
"मीच कळवलं नाही.
पैसे वर्षाचे भरलेत.
माझं घे."

सवयीने तोंडातून गेलं: उपाशी आहात ना?
त्या नुसत्या बघत राहिल्या.

नवा फॉर्म. शालन, स्त्री, चौऱ्याहत्तर.
याआधी रक्त कधी तपासलं?
"धाकट्याच्या बाळंतपणात.
तो आता सेहेचाळिसाचा."
छातीत दुखतं?
"छे. जिना चढताना जबडा ओढतो.
पाठ भरून येते. दात पडले, त्याचं असेल."
दम?
"तिसरा मजला आहे, तो सगळ्यांनाच लागतो."
घरात कुणाला हृदयाचं?
"ह्यांना."
रक्ताच्या नात्यात विचारतात, काकू.
"मग ठाऊक नाही. आई झोपेत गेली.
तिचं कुणी विचारलंच नाही."

त्यांची शीर पहिल्याच बोटाला सापडली.
नळी भरताना म्हणाल्या, "एवढं गडद असतं?"
अकरा वर्षं दुसऱ्याचंच बघितलेलं.

कापूस पाच मिनिटं दाबा, म्हटलं.
त्यांनी घड्याळ लावून दाबला.
काका कधी दाबायचे नाहीत,
बाहीवर डाग, मग जिन्यापर्यंत बोलणी ऐकू यायची.

मला निदान करायचा अधिकार नाही,
मी फक्त सुई.
तरी पावतीच्या मागे कार्डिओग्रामचा पत्ता लिहिला,
आज, म्हटलं, रिपोर्टची वाट बघू नका.
जबड्याचं सांगा त्यांना. दातांचं नका सांगू.

त्या उठल्या, चहा ठेवला,
साखर दोन चमचे, न मोजल्यासारखी.
बरणीवरचा दोरा तसाच होता.

मी जिन्यात असताना नौपाड्याहून फोन:
"येताय ना हो?
इथे माणूस रात्रीपासून उपाशी बसलाय."